अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं टॅरिफ रद्द केलं, तरी ड्यूटी का लागते? आणि परताव्यावर हक्क कोणाचा?

सोलापूरहून टॉवेल निर्यात करणाऱ्या एका उद्योजकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ट्रम्प यांचं टॅरिफ बेकायदा ठरवलं. तरीही आमच्या मालावर जादा ड्यूटी लागली. मग राष्ट्राध्यक्षाला कर लावायचा अधिकार आहे की नाही? आणि गेल्या वर्षी बायरला टिकवण्यासाठी आम्ही जी सूट दिली, ती आता परत मिळेल का?"

प्रश्न रास्त आहे. आयात-निर्यातीच्या कायद्याचं काम करताना हाच गोंधळ मला रोज दिसतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

२० फेब्रुवारी २०२६ च्या निकालानं (लर्निंग रिसोर्सेस विरुद्ध ट्रम्प, सहा विरुद्ध तीन मतांनी) टॅरिफ हे धोरण चांगलं की वाईट यावर काहीही मत दिलेलं नाही. राष्ट्राध्यक्षाला टॅरिफ कधीच लावता येणार नाही, असंही म्हटलेलं नाही. न्यायालयाचं म्हणणं एवढंच की १९७७ च्या 'इंटरनॅशनल इमर्जन्सी इकॉनॉमिक पॉवर्स ॲक्ट' या आणीबाणीच्या कायद्याखाली आयातशुल्क लावता येत नाही. त्या कायद्याचा टॅरिफसाठीचा वापर बाद झाला, पण बाकीचे चार-पाच कायदे जागच्या जागी आहेत. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निर्यातदाराला मी आधी विचारतो, की तुमच्या मालावरची ड्यूटी कोणत्या कायद्याखाली लागली होती? बहुतेकांना टक्के तोंडपाठ असतात, कायदा ठाऊक नसतो. आणि परतावा मिळणार की नाही, उद्या पुन्हा ड्यूटी लागणार की नाही, हे सगळं त्या कायद्यावरच ठरतं.

आता अधिकाराचा मूळ प्रश्न. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात कर आणि आयातशुल्क लावण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला आहे. राष्ट्राध्यक्षाला स्वतःचा असा अधिकार शून्य. शांततेच्या काळात राष्ट्राध्यक्षाला शुल्क लावण्याचा अंगभूत अधिकार नाही, हे या खटल्यात सरकारनंही मान्य केलं होतं. १७८९ मध्ये नव्या काँग्रेसनं केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांत टॅरिफचा कायदा होता, आणि त्यानंतरची सव्वाशे वर्षं केंद्र सरकारचा खर्च मुख्यतः आयातशुल्कावरच चालला. तिथे आयातशुल्क हा परराष्ट्रधोरणाचा जोडविषय कधीच नव्हता. तो जनतेच्या खिशातून जाणारा कर होता, आणि कर कोणी लावायचा यावरून तर त्या देशाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं.

तरीही राष्ट्राध्यक्ष शुल्क वाढवताना दिसतात, कारण काँग्रेस आपल्या अधिकाराचा काही भाग त्यांच्याकडे सोपवते. न्यायालयांनी हे सोपवणं फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. १८९२ च्या 'फील्ड विरुद्ध क्लार्क' या खटल्यात साखर, कॉफी, चहा, कातडी यांची शुल्कमाफी थांबवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणं वैध ठरलं. १९२८ चा 'जे. डब्ल्यू. हॅम्प्टन' हा खटला तर बेरियम डायऑक्साइड या रसायनाचा. कायद्यातला दर पौंडाला चार सेंट होता, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी तो सहा सेंट केला. आयातदार भांडत वरपर्यंत गेला आणि हरला. सरन्यायाधीश टाफ्ट यांचा निकाल असा, की परदेशी आणि देशी उत्पादनखर्चातली तफावत भरून काढायची हे सूत्र काँग्रेसनं कायद्यात घालून दिलं आहे; राष्ट्राध्यक्ष फक्त आकडेमोड करून ते लागू करतो, आणि त्यात गैर काही नाही. दोन सेंटांच्या त्या भांडणातून निघालेलं तत्त्व आजही वापरात आहे. अधिकार सोपवा, पण तो कसा वापरायचा याचं समजेल असं सूत्र सोबत द्या.

२०२६ चा निकाल समजून घ्यायचा तर १९७१ पासून पाहावं लागतं. त्या वर्षी १५ ऑगस्टला निक्सन यांनी डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला आणि सोबत आयातीवर १० टक्के अधिभार लावला. चार महिन्यांत तो उठलाही. पण योशिदा इंटरनॅशनल या झिपच्या आयातदार कंपनीनं पैसे परत मागितले. १९७४ मध्ये सीमाशुल्क न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. १९७५ मध्ये वरच्या न्यायालयानं तो फिरवला. शत्रूराष्ट्रांशी व्यापाराबद्दलच्या १९१७ च्या कायद्यात राष्ट्राध्यक्षाला आयातीचं 'नियमन' करण्याचा अधिकार होता आणि तेवढ्यात मर्यादित, तात्पुरता अधिभार बसतो, असं त्या न्यायालयाचं मत पडलं. पण त्याच निकालात न्यायालयानं हेही बजावलं, की राष्ट्राध्यक्षाला वाटेल तो दर लावायची मोकळीक यातून मिळत नाही.

दरम्यान काँग्रेसनंही हालचाल केली. १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम १२२ आलं. आंतरराष्ट्रीय देण्याघेण्यात मोठी आणि गंभीर तूट असेल तर राष्ट्राध्यक्षानं अधिभार लावावा, पण जास्तीत जास्त १५ टक्के आणि जास्तीत जास्त १५० दिवस. पुढे वाढवायचा तर काँग्रेसनं कायदा करावा. निक्सन यांनी जे केलं त्याला असं कायद्याचं कुंपण घातलं गेलं. त्यानंतर तीन वर्षांनी आणीबाणीचा कायदा आला. त्यात 'नियमन' आणि 'आयात' हे दोन्ही शब्द जुन्या कायद्यातून जसेच्या तसे उतरले, पण शुल्क किंवा कर हा शब्द कुठेही नाही.

सगळा वाद इथेच होता. ट्रम्प यांच्या आधीच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षानं जवळपास ५० वर्षांत या कायद्याखाली टॅरिफ लावलं नव्हतं. मालमत्ता गोठवणं, व्यवहारांवर बंदी, निर्बंध यांसाठी तो सर्रास वापरला गेला. इराण, रशिया ही ठळक उदाहरणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेंटानिल या अमली पदार्थाच्या तस्करीचं कारण देऊन कॅनडा, मेक्सिको आणि चीनवर, आणि २ एप्रिलला व्यापारतुटीचं कारण देऊन जवळजवळ सगळ्या जगावर शुल्क जाहीर झालं ते याच कायद्याच्या आधारे. भारतासाठी आधी २६ टक्के जाहीर झाले, ७ ऑगस्टपासून २५ लागू झाले, आणि रशियन तेलाच्या खरेदीपोटी २७ ऑगस्टपासून आणखी २५. एकूण ५०.

याविरुद्ध दावा लावणारे कोण होते, हेही पाहण्यासारखं आहे. व्ही. ओ. एस. सिलेक्शन्स ही न्यूयॉर्कची वाइन आयात करणारी छोटी कंपनी, आणि लर्निंग रिसोर्सेस ही इलिनॉयमधली शैक्षणिक खेळण्यांची कंपनी. मोठमोठे उद्योगसमूह गप्प बसले होते तेव्हा या लहान व्यापाऱ्यांनी सरकारला कोर्टात खेचलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. २८ मे २०२५ ला आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकमतानं व्ही. ओ. एस. च्या बाजूनं निकाल दिला. २९ ऑगस्टला अपील न्यायालयानं सात विरुद्ध चार मतांनी तो कायम केला. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. कंपन्यांच्या वतीनं नील कत्याल उभे होते.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाचा गाभा असा: कायद्याच्या एका लांबलचक वाक्यात एकमेकांपासून दूर पडलेल्या 'नियमन' आणि 'आयात' या दोन शब्दांवर कोणत्याही देशावर, कोणत्याही मालावर, कितीही दरानं आणि कितीही काळ कर लावण्याचा अधिकार उभा राहू शकत नाही. काँग्रेसला हा अधिकार द्यायचा असतो तेव्हा ती स्पष्ट शब्दांत देते, दर किती आणि मुदत किती हेही लिहिते. कलम १२२ हेच त्याचं उदाहरण.

विरोधी मतही हलकं नाही, आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर त्यातला एक मुद्दा बोचतो. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांचं म्हणणं असं, की याच कायद्यानं राष्ट्राध्यक्ष एखाद्या देशाची आयात पूर्ण बंद करू शकतो. मग बंदीपेक्षा सौम्य असलेला कर तो का लावू शकत नाही? ऐकायला बिनतोड वाटतं. पण माझ्या मते बहुमताचंच बरोबर आहे, कारण बंदी आणि कर या जातीनंच वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी घातली की व्यापार थांबतो, सरकारच्या तिजोरीत काही पडत नाही, आणि देशातच ओरड सुरू होते; ती ओरड हाच तिच्यावरचा लगाम. करानं मात्र तिजोरी भरते. या शुल्कातून १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. काँग्रेसला न विचारता एवढा पैसा उभा करता आला, तर काँग्रेसच्या हातात राष्ट्राध्यक्षाला थांबवायचं साधनच राहत नाही.

शिवाय दिलेला अधिकार परत घेणं काँग्रेसला किती अवघड आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही. मूळ योजना अशी होती, की दोन्ही सभागृहांनी साधा ठराव केला की राष्ट्राध्यक्षानं जाहीर केलेली आणीबाणी संपेल. पण १९८३ मध्ये 'चड्ढा' खटल्यात (केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीचा तो खटला) सर्वोच्च न्यायालयानं असे साधे ठराव घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून आणीबाणी संपवायलाही राष्ट्राध्यक्षाची सही लागते, आणि सही नाकारली तर दोनतृतीयांश बहुमत. स्वतःच्याच अधिकारावर पाणी सोडणारी सही कोण करणार? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सेनेटनं ब्राझील आणि कॅनडावरच्या शुल्काविरुद्ध ठराव मंजूर केले. पण त्यांचा कायदा झाला नाही. एकदा गेलेला अधिकार परत येत नाही, म्हणूनच तो मुळात गेला आहे का, हे न्यायालयानं काटेकोरपणे तपासणं मला गरजेचं वाटतं.

न्यायालयानं असं रोखणं फक्त एका पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या वाट्याला आलेलं नाही. १९८० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्टर यांनी तेलाच्या आयातीवर शुल्क लावून त्याचा बोजा पेट्रोलवर गॅलनमागे १० सेंट असा टाकायचा घाट घातला. जिल्हा न्यायालयानं तो रोखला, कारण नावाला आयातीवरचं ते शुल्क प्रत्यक्षात देशात बनलेल्या पेट्रोलवरही बसत होतं. क्लिंटन यांना मंजूर कायद्यातली एखादी खर्चाची किंवा करसवलतीची तरतूद खोडायचा अधिकार काँग्रेसनं स्वतः दिला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्या खटल्यातले एक फिर्यादी आयडाहोचे बटाटा उत्पादक होते. म्हणजे कर वाढवणं असो की करसवलत काढून घेणं, राष्ट्राध्यक्षाला तो एकट्याचा खेळ करता येत नाही.

"आपल्याकडे तर सरकार रातोरात ड्यूटी वाढवतं," असं पुष्कळ जण म्हणतात. वाढवतं, पण कायद्यात तसं लिहिलेलं असतं म्हणून. आपल्या घटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही. सीमाशुल्क दर कायद्याच्या कलम ८-अ मध्ये तातडीनं शुल्क वाढवण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे, आणि ती अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं ते याच कलमाखाली. तरीही अधिसूचना संकेतस्थळावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी, आणि त्याच दिवशी त्याआधी ज्यांनी बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण) दाखल केली होती त्यांना जुनाच दर लागेल, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. आपली न्यायालयंही कराच्या बाबतीत सेकंद मोजतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, निकालानंतरही ड्यूटी का. ज्या दिवशी निकाल लागला त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी कलम १२२ खाली सगळ्या जगावर १० टक्के अधिभार जाहीर केला आणि २४ फेब्रुवारीपासून तो सुरू झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या समझोत्यात भारतासाठी १८ टक्के दर ठरला होता, तोही मुळात आणीबाणी कायद्यावरच टेकलेला. कलम १२२ वापरण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या अधिभाराला १५० दिवसांची मुदत होती, आणि एक कायदेशीर कमकुवत बाजूही होती. व्यापारातली तूट आणि आंतरराष्ट्रीय देण्याघेण्यातली तूट या वेगळ्या गोष्टी आहेत, असं सरकारच्याच वकिलांनी आधीच्या सुनावणीत लेखी मांडलं होतं.

त्यापलीकडे दोन जुनी आणि मजबूत कलमं उरतात. १९६२ च्या कायद्याचं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेसाठी, आणि १९७४ च्या कायद्याचं कलम ३०१ दुसऱ्या देशाच्या अन्याय्य व्यापारपद्धतीविरुद्ध. दोन्हींत आधी चौकशी व्हावी लागते. कलम २३२ च्या बाबतीत न्यायालयांनी राष्ट्राध्यक्षाला बरीच सैल दोरी दिलेली आहे. तुर्कस्तानच्या पोलादावर २०१८ मध्ये दुप्पट केलेलं शुल्क २०२१ मध्ये अपील न्यायालयानं वैध ठरवलं. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर २०२५ मध्ये लागलेले ५० टक्के, वाहनांच्या सुट्या भागांवरचं शुल्क, हे सगळं याच कलमाखालचं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी किंवा चाकणच्या पार्ट्सवाल्यांनी फेब्रुवारीच्या निकालावर पेढे वाटायचं कारण नव्हतं, ते यामुळे. तुमच्या टॉवेलची गोष्ट वेगळी.

तुमच्या मालाचाच कागद समोर घेऊ. अमेरिकेत माल सोडवताना फॉर्म ७५०१ भरला जातो. आपल्या बिल ऑफ एन्ट्रीचा तो अमेरिकी भाऊ. त्यात प्रत्येक मालासमोर एकाहून जास्त कोड असतात. सुती टेरी टॉवेलचा कोड ६३०२.६० आणि नेहमीची ड्यूटी ९.१ टक्के. त्याच्या जोडीला ९९०३ नं सुरू होणारे कोड दिसतील. ९९०३.०१ किंवा ९९०३.०२ असेल तर ती आणीबाणी कायद्याखालची ड्यूटी. ९९०३.८१ पोलादाची, ९९०३.८५ ॲल्युमिनियमची, ९९०३.९४ वाहनं आणि त्यांच्या भागांची. ही तिन्ही २३२ खालची, म्हणजे निकालानं न हललेली. समजा ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही एक लाख डॉलरचा माल पाठवला. त्यावर ९,१०० डॉलर नेहमीचे आणि ५०,००० आणीबाणी कायद्याचे भरले गेले. बेकायदा ठरले ते ५०,०००. त्या ९,१०० ना कोणी हात लावलेला नाही.

ते ५०,००० कोणाचे? कायद्याच्या नजरेत ते इम्पोर्टर ऑफ रेकॉर्डचे, म्हणजे कस्टम्समध्ये ज्याच्या नावानं ड्यूटी भरली गेली त्याचे. एफओबी किंवा सीआयएफवर, म्हणजे आयातीची ड्यूटी बायरनं भरायची अशा अटीवर, माल पाठवला असेल तर तो तुमचा बायर. अमेरिकी सरकारकडे तुम्हाला थेट काहीही मागता येणार नाही. डीडीपीवर, म्हणजे ड्यूटीही तुम्हीच भरून माल पोचवायच्या अटीवर, पाठवला असेल आणि अनिवासी आयातदार म्हणून तुमच्याच कंपनीचं नाव ७५०१ वर असेल, तर मात्र परताव्याचे हक्कदार तुम्ही. डीडीपी असूनही कधीकधी आयातदार म्हणून बायरच्याच गोदामाचं किंवा एखाद्या एजंटचं नाव टाकलेलं असतं, म्हणून आठवणीवर विसंबू नका, कागद मागवा.

परताव्याची पद्धत कशी असावी, हे सर्वोच्च न्यायालयानं निकालात सांगितलं नाही; ते खालच्या न्यायालयावर आणि कस्टम्सवर सोडलं. त्यामुळे मुदतींकडे लक्ष ठेवणं आलंच. एन्ट्री साधारण ३१४ दिवसांत 'लिक्विडेट' होते, म्हणजे ड्यूटीचा हिशेब पक्का होतो. त्यानंतर हरकत घ्यायला १८० दिवस मिळतात. व्यापार न्यायालयात स्वतंत्र दावा लावायचा तर दोन वर्षं. कॉस्टकोसारख्या अमेरिकेतल्या बड्या दुकानसाखळीनं निकाल लागायच्या आधीच आपला दावा लावून ठेवला, ते उगाच नाही. अमेरिकेच्या बंदर देखभाल कराचा अनुभव जाणकारांना आठवत असेल: निर्यातीवर तो लावणं घटनाबाह्य असल्याचं १९९८ मध्ये ठरलं, पण पैसे ज्यांनी वेळेत मागितले त्यांनाच सुरळीत मिळाले.

राहिली तुमची सूट. समजा त्याच मालाचा भाव तुम्ही एक लाखावरून ८५,००० वर आणला. बायरनं ड्यूटी भरली ४२,५००, आणि उद्या ती व्याजासह त्याला परत मिळाली, तर तुमचे १५,००० त्याच्याच खिशात राहतात. हे नैतिकदृष्ट्या चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. सोलापूरच्या यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाच्या मजुरीतून निघालेली ती सूट आहे. पण ती परत मिळवण्याचा रस्ता अमेरिकी घटनेतून जात नाही, तुमच्या करारातून जातो. त्या वेळचे ईमेल काढा. 'टॅरिफ आहे तोवर', 'टॅरिफचा निम्मा भार आम्ही उचलतो' असे शब्द असतील तर सूट सशर्त होती असं म्हणायला जागा आहे. 'नवीन भाव मान्य' एवढंच लिहिलं असेल तर जागा फार थोडी. क्रेडिट नोट दिली असेल आणि तिच्यावर टॅरिफचं कारण नोंदवलेलं असेल, तर ती तुमचा सगळ्यात चांगला पुरावा. भारतीय कायदा लागू असेल तर अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. करारात न्यूयॉर्कचा किंवा दुसरा कायदा लिहिला असेल तर तिथली मुदत पाहावी लागेल.

बायरशी बोलताना मात्र पहिल्याच पत्रात वकिली भाषा वापरू नका. आधी त्या काळातल्या सगळ्या खेपांचे ७५०१ आणि लिक्विडेशनच्या तारखा मागा, हरकत घेतली का ते विचारा, आणि परतावा आल्यावर सुटीच्या प्रमाणात वाटणी करायचं लेखी कबूल करून घ्या. बायर चांगला असेल तर पुढच्या ऑर्डरच्या भावात ती रक्कम सामावून घेणं त्याला रोख देण्यापेक्षा सोपं जातं, आणि तुम्हालाही ऑर्डर मिळते. रोख आली तर ती कोणत्या शिपिंग बिलापोटी आहे हे बँकेला पहिल्याच दिवशी कळवा. आणि नव्या करारात टॅरिफचं कलम टाकताना कोणत्याही एका कायद्याचं नाव घालू नका; 'कोणत्याही कायद्याखाली लागलेली अतिरिक्त ड्यूटी आणि तिचा पुढे मिळणारा कोणताही परतावा' असं लिहा, आणि त्याच ओळीत वाटणीचं प्रमाण आकड्यात टाका.